अंबाड्यासकट पाच फूट

आमच्या सदर भागातल्या बस स्टॉपवर भर उन्हात कुणी उभ्या सिटी बसला शिवणकामाची टेप लावताना दिसलं, तर ते आमच्या शेजारचे ढोबळेभाऊजी समजावेत. टेपचं दुसरं टोक धरून शरमेनं मेल्याहून मेलेली बाई म्हणजे मी. टेपही माझीच! साठ इंची टेपनं अख्खी बस मोजायची, सरकत सरकत. ड्रायव्हर ओरडला, "काकाजी, या बसले ब्लाऊज शिवता का?"

झालं असं की भाऊजींनी रिमोटवर चालणारी खेळण्यातली सिटी बस आणली. खोक्यावर छापलंय, खऱ्या बसच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. यांनी मोजली, तर लांबीत छत्तिसावा हिस्सा, उंचीत अठ्ठाविसावा आणि सीट तिसावा!

"एका बसची तीन मापं! सरासर लबाडी आहे, वहिनी!"

यांना दूध पातळ लागलं तरी सरासर लबाडी, संत्रं आंबट निघालं तरी सरासर लबाडी. दुकानदार बिचारा म्हणाला, "पोराईचं खेळणं आहे, काकाजी."

"मग पोराईशी खोटं बोलाचं का गा?"

पंधरा दिवस हेच. माझी टेप नेतात ती नेतात, परत द्यायचं नाव नाही. गिऱ्हाईक दारात खोळंबतं. काल माझं डोकंच फिरलं आणि तरातरा त्यांच्या घरात शिरले. बघते तर काय, खिळ्याला चांगली लोखंडी टेप लटकलेली!

"घरी टेप असून माझी काहून नेता हो?"

भाऊजी जमिनीवर बसले होते. समोर छत काढलेली बस, आणि हातात लाकडाची बोटाच्या दोन पेरांएवढी बाई. अंगावर माझ्याच दुकानातली हिरवी चिंधी.

"त्या टेपनं कमलले कोणी मोजलं नाही ना, वहिनी."

कमल त्यांची बायको. गेल्या वर्षी गेली. नवी थंडगार बस सुरू झाल्यापासून तिला एकदा खिडकीशी बसायचं होतं, आणि भाऊजी म्हणत राहिले, गर्दी कमी होऊ दे. माझ्याकडे मापाला आली की टेपशेजारी ताठ उभी राहायची. "पाहा वं, पुरी टेप भरते मी!" भाऊजी दारातून हसायचे, "अंबाडा वजा कर, अठ्ठावन्न!"

"सीटच्या हिशोबानं तिसावा हिस्सा धरला," भाऊजी म्हणाले. "अठ्ठावन्नची केली. पण मले बरोबर वाटून नाही राहिलं. तुम्ही सांगा, किती धरू?"

मला इतका राग आला! जन्मभर त्या बाईचे दोन इंच कापले आणि आता मला विचारतात.

"साठ धरा," मी म्हटलं. "अंबाड्यासकट."

"म्हणजे तिसाव्या हिश्शानं बरोबर दोन इंच," ते म्हणाले आणि डोळे पुसत पुन्हा माझीच टेप उलगडायला लागले.

मी तशीच परत आले. आता उद्या गिऱ्हाइकाचं ब्लाऊज द्यायचंय, ते मी कशानं मोजू, सांगा!