मुख्य मालकाचा अंगठा

"किल्ली मेली!" असं ठणकावून सांगणारा ताईचा लेख शनिवारच्या पुरवणीत आला, तो त्या घरातला शेवटचा साधासुधा दिवस होता. अर्थात त्या दिवशी हे कोणाला ठाऊक? त्या दिवशी फक्त चहा होता, पुरवणी होती आणि दर शनिवारचं भांडण होतं.

तिला घरात, इमारतीत आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतही सगळे ताईच म्हणत. नवे फोन, बोलणारे दिवे, नाडी मोजणारी घड्याळं आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या उलाढाली यांवर ती दर आठवड्याला सदर लिही. वाचक खूश असत. एकाच वाचकाला त्यातली एकही ओळ पटत नसे, आणि तोच एक वाचक प्रत्येक ओळ वाची. ते तिचे बाबा.

बाबा पाणीखात्यातले निवृत्त मीटर तपासनीस. उभा जन्म लोकांच्या जिन्यांखाली वाकून, काचेवरची धूळ पुसून आकडे वाचण्यात गेलेला. त्यामुळे यंत्र या जातीवरच त्यांचा राग! "मीटर खोटं बोलतं," ते म्हणत, "आणि खोटं बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. माणूस निदान घाम तरी पुसतो."

त्या शनिवारी ताई आईबाबांकडे पोचली तेव्हा बाबा हातात भिंग घेऊन पुरवणीवर ओणवे झाले होते.

"या, संपादकीणबाई! तुमच्या किल्लीच्या मयताला आलोय मी."

"कसा वाटला लेख?"

"भाषा छान आहे."

म्हणजे बाकी सगळं टाकाऊ. ताईनं पर्स खुर्चीवर टाकली आणि पदर नसताना पदर खोचला.

लेखाचं निमित्त असं, की घरांच्या दारांना बिनकिल्लीची कुलपं बनवणारी एक कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीनं विकत घेतली होती. 'ग्राहकांनी काळजी करण्याचं काहीही कारण नाही,' असं ताईनं ठासून लिहिलं होतं. ठासून लिहायला कारणही होतं. तेच कुलूप तिनं वर्षापूर्वी स्वतः हौसेनं या घराला बसवलं होतं.

"अगं, घर विकत घेतल्यावर नवा मालक पहिलं काम काय करतो?" बाबांनी विचारलं. "कुलपं बदलतो! आणि ही तर कुलपांचीच कंपनी!"

"बाबा, असं नसतं. करार असतात. ग्राहकांची सोय बघूनच सगळं ठरतं."

"सोय! फोनच्या खोक्यातून चार्जर काढला तेव्हा काय म्हणाले? पृथ्वी वाचवतोय! उद्या बेकरीवाला म्हणेल, पृथ्वी वाचवायला पाव काढून टाकलाय, नुसता कागद घेऊन जा. आणि तू लिहिशील, कागद फार सुबक आहे!"

"तुम्ही ना, विपर्यास करता."

"आणि तुमचं ते अपडेट! माणूस झोपलाय बघून त्याच्या घरात शिरायचं, कपाटं इकडची तिकडं करायची, आणि सकाळी त्यालाच म्हणायचं, कसं छान दिसतंय बघा!"

"अहो, तिला खाऊ तर द्या आधी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आई हे वाक्य दर शनिवारी म्हणे आणि दर शनिवारी ते वाया जाई.

खरं तर बाबांनी ते कुलूप लावू दिलं ते एका पदवीसाठी. कुलपाला एक 'मुख्य मालक' लागतो. ताईनं बाबांचा अंगठा पहिला नोंदवला. "छत्तीस वर्षं नोकरी केली, मुख्य म्हणून काही झालो नाही," बाबा म्हणाले होते, "शेवटी दारानं केलं!" त्यानंतर आईची पाळी आली, पण भांडी घासून घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेघाच पुसल्या होत्या. कुलूप तिला माणूस मानायलाच तयार होईना! म्हणून तिला आकडे पाठ करायला दिले. कुलपाला किल्लीचं भोक नव्हतं. "भोक नाही म्हणजे चोराला वावच नाही," ताईनं तेव्हा अभिमानानं सांगितलं होतं.

"आता नव्या मालकांनी नियमावली पाठवलीये," बाबांनी फोन पुढे केला. "खाली बटण आहे, 'मान्य आहे'. भिंगानं वाचतोय. निम्मी झाली."

"बाबा, सरळ खाली जायचं आणि दाबायचं. ते कोणीही वाचत नाही!"

"म्हणून तर ते लिहितात!"

"तुम्हाला ना, यातलं काही कळत नाही," ताई हसत म्हणाली.

बाबाही हसले. "उरलेली उद्या वाचतो. मग दाबायचं का नाही ते बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा गाळला, हाक मारली, आणि बाबा उठले नाहीत.

ती सकाळ सांगण्यासारखी नाही. सांगायची ती दुपार.

बाबांना पोचवून मंडळी परत आली. आईला एका बाजूनं ताईनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं धाकट्या भावानं. आई सकाळपासून रडली नव्हती. एकच वाक्य तिनं वाटेत तीनदा म्हटलं: "मला त्यांच्या खुर्चीत जाऊन बसायचंय." तिसऱ्या मजल्यापर्यंत ती एकेक पायरी मोजून चढली. ताईनं पुढे होऊन दारावर अंगठा ठेवला.

"क्षमस्व! आपली ओळख पटली नाही," दार म्हणालं. आवाज गोड, विमानातल्या बाईसारखा.

ताईनं अंगठा ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. क्षमस्व. धाकट्यानं ठेवला. क्षमस्व. आईनं पाठ केलेले आकडे दाबले. आईलाही क्षमस्व! शेवटी ताईनं स्वतःचा फोन उघडला. पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि अक्षरं आली: 'अभिनंदन! आपल्या सोयीसाठी आम्ही बदललो आहोत! नव्या नियमांना मुदतीत मुख्य मालकाची मान्यता न आल्यामुळे इतरांचा प्रवेश थांबवला आहे. मुख्य मालकाने अंगठा ठेवावा.'

ताईनं ते मोठ्यानं वाचलं, ही तिची चूक.

"मग ठेवायचा की अंगठा!" तळमजल्यावरचे काका मागून म्हणाले. इमारतीत कोणाचं काही अडलं की काका सल्ल्यासह हजर असत. "एवढं सोपं आहे! कोण आहे मुख्य मालक?"

काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "अरे हो."

"ताई," धाकटा कानात पुटपुटला, "हे दार बाबांना न्यायच्या आधी बोललं असतं तर..."

"गप्प बस!" ताई म्हणाली, आणि तिला एकदम हसूच फुटायला लागलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लोकांना वाटलं, रडतेय. चार बायकांनी पाठीवरून हात फिरवला.

पण काका हार मानणाऱ्यातले नव्हते. "यंत्रच आहे ते. कोणाचा ना कोणाचा चालेल!" असं म्हणून त्यांनी स्वतःचा अंगठा लावला. मग शेजाऱ्यानं लावला. मग शेजारणीनं. भेटायला वर येणारी माणसं चेहरा पाडून, शब्द जुळवत यायची, आणि काका त्यांना दाराशी न्यायचे: "आधी अंगठा लावा." रेशनच्या दुकानासारखी रांग लागली! एक आजोबा तर अंगठा लावून "सही कुठं करू?" म्हणाले.

कुलूप बराच वेळ क्षमस्व क्षमस्व करत राहिलं. मग त्याचा धीर सुटला. "घुसखोरी! घुसखोरी!" असं किंचाळून ते असं काही कोकलायला लागलं, की समोरच्या इमारतीतली माणसं गच्चीत आली, खालचा रखवालदार शिट्टी फुंकत धावत वर आला आणि आपल्याच मालकांच्या बायकोला, मुलांना आणि शेजाऱ्यांना "कोणी हलायचं नाही!" म्हणाला. भोंगा थांबला तेव्हा कुलपानं जाहीर केलं, की आता अर्धा तास ते कोणाशीही बोलणार नाही.

त्या गडबडीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, बाबा गेल्याचं फार वाईट वाटलं हो. आणि योगायोग बघा, तुमचा कालचा लेख वाचून यांनी कालच आमच्या दाराला हेच..." वाक्य तिथंच राहिलं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "गॅसवर दूध आहे!" म्हणत त्या जिना दणाणत खाली पळाल्या.

"काकू, आमच्याकडे चला ना जरा," शेजारीण आईला म्हणाली. "पडा थोडा वेळ."

"नको," आई म्हणाली. "मला माझ्या घरात जायचंय." आणि ती बंद दारासमोरच्या पायरीवर बसली.

ताई तिच्याशेजारी टेकली. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तिनं फोन लावला होता. पलीकडून संगीत वाजत होतं. असलं आनंदी संगीत, की लग्नघरातही जरा जास्त वाटावं.

"दर शनिवारी तू गेलीस की विचारायचे," आई एकदम म्हणाली. "जाताना काही म्हणाली का गं? मी म्हणायचे, काय म्हणायला हवं होतं? तर म्हणायचे, नाही, काही नाही. सहज."

ताईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. बाबा कशाची वाट पाहत, ते तिला पुरतं ठाऊक होतं. चार्जरच्या बाबतीत बाबा म्हणाले तसंच झालं होतं. पावलं मोजणाऱ्या घड्याळाची कंपनी बुडाली आणि तिच्या मनगटावर नुसता काळा चौकोन उरला, तेही बाबा आधी म्हणाले होते. प्रत्येक वेळी तिनं पुढल्या लेखात मत गुपचूप बदललं. बाबांनी ते भिंगाशिवायही वाचलं असणार. दोघंही त्यावर चकार शब्द बोलले नाहीत.

संगीत थांबलं. "नमस्कार! मी आपली काय मदत करू?" एका मुलीचा आवाज आला. काकांच्या सूचनेवरून ताईनं आवाज मोठा केला. सगळा जिना कान देऊन ऐकू लागला.

ताईनं सगळं सांगितलं.

"समजलं मॅडम. मुख्य मालकांना फोन देता का?"

"ते आज सकाळी वारले."

"ओह. फार वाईट वाटलं, मॅडम." पलीकडे टकटक झाली. "मग ते कधी उपलब्ध होतील?"

जिन्यात कोणीतरी खोकलं.

"ते होणार नाहीत," ताई म्हणाली.

"ठीक आहे मॅडम. मग मी त्यांच्या फोनवर चार आकडे पाठवते, तेवढे मला वाचून दाखवा."

बंद दाराच्या आत, बाबांच्या टेबलावर, टिंग वाजलं. स्वच्छ ऐकू आलं. आईनं दाराकडे मान वळवली, बाबांनीच आतून हाक मारल्यासारखी.

"आले का आकडे?"

"आले," ताई म्हणाली. "पण ते आत आहेत, आणि आम्ही बाहेर आहोत."

"मग दार उघडून बघता का, मॅडम?"

"पोरी, तू जेवलीस का?" काका न राहवून ओरडले. "उपाशीपोटी डोकं चालत नाही गं!"

मुलगी बिचारी वरमली. तिनं समोरचं काहीतरी वाचलं. मृत्यूचा दाखला पाठवल्यास सात ते दहा दिवसांत नवा मुख्य मालक नेमता येईल. तोपर्यंत कुटुंबीयांनी पर्यायी प्रवेशद्वार वापरावं.

"तिसऱ्या मजल्यावर?" धाकटा म्हणाला. "आम्ही माकडं आहोत का?"

"तसा पर्याय यादीत नाही, सर."

एवढ्यात रखवालदारानं बोलावलेला सुतार पिशवी घेऊन वर आला. त्यानं दार वरून पाहिलं, खालून पाहिलं, कुलपावर बोट फिरवलं. "याला भोक कुठाय?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग किल्ली कुठं घालायची?"

ताईचा कालचा अख्खा लेख या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेला होता.

"पटाशीनं फोडावं लागेल," सुतार म्हणाला. "दारही थोडं जाईल. फोडू का?"

"मॅडम, कुलूप तोडलं तर हमी रद्द होईल," फोनमधली मुलगी घाईनं म्हणाली. "आणि सगळ्या नोंदी पुसल्या जातील, बोटांच्या ठशांच्यासुद्धा."

ताईनं आईकडे पाहिलं. म्हणजे बाबांच्या अंगठ्याचाही ठसा. या जगात तो आता तेवढा एकाच ठिकाणी उरला होता, त्या मूर्ख डबीत. सुतारानं उचललेला हातोडा तसाच धरून ठेवला.

आई कठड्याला धरून उठली. "फोड रे बाबा," ती म्हणाली. "मला आत जायचंय."

पहिल्या घावाला कुलूप "क्षमस्व" म्हणालं. दुसऱ्या घावाला नुसतंच घरघरलं. तिसऱ्या घावानंतर काही बोललं नाही. दार करकरत उघडलं.

लोक आपोआप बाजूला झाले. आई एकटीच आत गेली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. पुढ्यात कालची पुरवणी तशीच पडली होती. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.

"मॅडम? आहात ना?" ताईच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. "कुलूप तोडल्याचं नोंदवावं लागेल. कारण काय लिहू?"

ताई उंबऱ्यात उभी होती. कारणांवर तर तिचं पोट चालायचं! नव्या कंपनीची घिसाडघाई, ग्राहकाला गृहीत धरणं, आपत्कालीन सोयीचा अभाव. उभ्या उभ्या सबंध लेख झाला असता.

"वडील म्हणत होते तेच झालं," ती पुटपुटली.

"मॅडम, आवाज नीट येत नाहीये. जरा मोठ्यानं सांगता का?"

मागे जिना गच्च भरलेला होता. काका, शेजारी, रखवालदार, सुतार. आईनं डोळे पुसत मान वर केली. ताईनं फोन खाली धरला, आणि रिकाम्या झालेल्या त्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, तुमचं बरोबर होतं!"