काटा हललाच नाही

बायको दोन दिवस बहिणीकडे गेली आणि तिचं सोड्याचं दुकान नवऱ्याच्या ताब्यात आलं. नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे सोडा म्हणजे त्याला हातचा मळ वाटला. जाताना ती एवढंच म्हणाली, "दुपारी गॅसवाला येईल, भरलेलं सिलिंडर ठेवून घ्या. संध्याकाळी फुटबॉल क्लबची दोनशे ग्लासांची ऑर्डर आहे. दोन वर्षं मागे लागले तेव्हा मिळालीय."

दुपारी गॅसवाला आला. त्याने जुनं सिलिंडर जरा तिरकं करून पाहिलं. "सर, बदलतो हे. हलकं लागतंय."

सरांनी सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "सोमवारी सत्तावन्न, आज सत्तावन्न. तापमान तेच, सिलिंडर तेच, दाबही तेवढाच. मग गॅस कमी कसा होईल?"

"सोमवारपासून सोडा विकला गेलाच असेल की."

"अगदी किरकोळ गॅस लागत असणार. काट्याला कळलंसुद्धा नाही."

"काट्याला नाही कळत. हाताला कळतं."

"त्याला शास्त्र म्हणत नाहीत," म्हणत सरांनी बिलाच्या पाठीवर गणित करून दिलं. गॅसवाल्याने कागद खिशात घातला आणि भरलेलं सिलिंडर पुन्हा टेम्पोत चढवलं.

पाच वाजता अख्खा क्लब दुकानासमोर जमला. साठ ग्लास झकास फसफसले. मग काटा चाळीसवर आला, वीसवर आला, आणि सर 'हे शक्य नाही' म्हणेपर्यंत तळाला जाऊन बसला.

"गळती," सरांनी जाहीर केलं. क्लबला समोरच्या फुटपाथवर पाठवून त्यांनी प्रत्येक जोडाला भांड्यांचा साबण फासला. फेस आला तो फक्त त्यांच्या बाह्यांना.

क्लबचा सेक्रेटरी ग्लास घेऊन परत आला. "हे लिंबूपाणी आहे."

"सोडाच आहे."

"मग बुडबुडे कुठायत?"

सरांनी बायकोला फोन लावला.

"सिलिंडर उचलून बघितलंत?"

"काटा बघितला."

"अहो, दाबून दाबून आतल्या गॅसचं पाणी झालेलं असतं. ते आहे तोवर काटा ढिम्म हलत नाही, संपलं की धाडकन पडतो. पुस्तकात नाही का तुमच्या?"

होतं. खरे वायू कोंडले की एकमेकांना चिकटतात, पातळ होतात, सरळ गणिताला जुमानत नाहीत. अख्खा धडा होता. सरांनी तो वर्षानुवर्षं वेळेअभावी गाळला होता.

पडेल आवाजात त्यांनी गॅसवाल्याला बोलावलं. तो वीस मिनिटांत आला, त्याने भरलेलं सिलिंडर जोडलं, आणि क्लब फुटपाथवरून परतला. उरलेले ग्लास फसफसले. ऑर्डर वाचली.

"तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं?" सरांनी हळूच विचारलं.

"तुमच्याच वर्गात होतो, सर. हा धडा परीक्षेला येणार नाही, म्हणाला होतात तुम्ही. मला वाटलं, सर मुद्दाम चकवतायत. म्हणून तेवढाच एक पाठ केला." गॅसवाल्याने पाना पुसून पिशवीत टाकला. "खरंच नाही आला."