मास्तरांचा सपाट फळा

"पाच फळ्या, डिंकाचा एक डबा आणि एक दुपार!" गणिताच्या मास्तरांनी बाह्या वर सारत जाहीर केलं. "सपाट म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार? तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवतोय मी!"

प्रश्न मागच्या खोलीचा होता. मास्तरांना तिथे सुतारकाम करायचं होतं आणि सासूबाईंना शिवणयंत्र मांडायचं होतं. रोजच्या कुरबुरीला कंटाळून बायकोने तोडगा काढला. मास्तरांनी फळ्या चिकटवून कामाच्या बाकासाठी एकसंध रुंद फळा करायचा आणि तिच्या सुतार भावाने तो संध्याकाळी तपासायचा. फळ्यावर सरळ पट्टी ठेवायची; तिच्याखालून उजेड दिसला तर फळा सपाट नाही आणि खोली शिवणयंत्राची, नाहीतर मास्तरांची!

सपाट जागा हवी म्हणून मास्तरांनी जेवणाचं टेबल आडवं-उभं करत, अरुंद बोळातून कसंबसं मागच्या खोलीत नेलं.

"रात्री जेवायला परत पाहिजे हं!" बायको म्हणाली.

"अगं, चहालाच देतो!"

मेहुण्याने फोनवर बजावलं, "भाऊजी, आधी कोरडी जुळणी करा. आणि खाली..."

"कळलं, कळलं!" म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय त्यांच्या विद्यार्थ्यांना होती, त्यांना नव्हती.

कोरडी जुळणी म्हणजे डिंक लावण्याआधी सगळं एकदा जुळवून बघणं. मास्तरांनी मात्र त्यातलं 'कोरडी' तेवढं धरलं, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि तासभर फळ्या वाळवल्या! मग कडांना सढळ हाताने डिंक फासला, फळ्या टेबलावर एकमेकींना भिडवल्या, आवळायला शिकंजे उचलले, तर ते चार बोटं तोकडे!

"दोरी आणा! लाटणं आणा!"

दोरीत लाटणं घालून मास्तरांनी असा पीळ दिला, की फळ्या मधोमध उचलल्या गेल्या. डिंक तर वाळायला लागलेला.

"आई, जरा वर बसता का?"

"मी? तुमच्या फळ्यावर?" सासूबाई कडाडल्या. "म्हणजे माझ्याच वजनाने माझी खोली घालवू होय?"

"बस गं आई, खेळ तर नीट होऊ दे," म्हणत बायकोही चढली. तरी एक कोपरा वर येतच होता. तेवढ्यात दारात पोस्टमन आला. तो सही घ्यायला आलेला, ती राहिली बाजूला, त्यालाच पिशवीसकट कोपऱ्यावर बसवलं. बिचाऱ्याला दीड तासाने सोडलं.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याने लांब लोखंडी पट्टी उभी धरली, आडवी धरली, तिरकी धरली, मागून बॅटरी मारली. सगळ्यांनी श्वास रोखले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "केसाएवढाही उजेड नाही! मानलं तुम्हाला!"

मास्तरांची छाती फुगली. सासूबाईंनीही मोठ्या मनाने सांगितलं, "खोली तुमची, जावईबापू. पण बसले मी होते, हे विसरू नका."

"चला, उचला फळा!" मास्तर गरजले.

दोघांनी फळा उचलला. त्याबरोबर टेबलही उचललं गेलं.

"खाली प्लास्टिक अंथरलं नाही?" मेहुणा किंचाळला. "तेच तर सांगत होतो, तुम्ही फोन ठेवलात!"

हलवलं, ठोकलं, सुरी घालून पाहिली. फळा टेबलाला सोडेना आणि एवढा रुंद फळा चिकटलेलं टेबल बोळात वळेना.

"कापून टाका," बायको म्हणाली.

मास्तर दोन्ही हात पसरून फळ्यावर पालथे पडले. "खबरदार! असा सपाट फळा पुन्हा होणे नाही!"

मग काय, त्या रात्री सगळे तिथेच जेवले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फळ्यावर हात फिरवला, "कापड बेतायला काय झकास आहे हो!" म्हणाल्या आणि शिवणयंत्रही आत आलं. आता शेजारपाजारच्या बायका मापं द्यायला तिथेच येतात.

खोली अर्थातच मास्तरांची आहे. आत जाण्याआधी ते फक्त दार वाजवतात!