अकरा नंबर अजून आहे

वाघोशी नगरपरिषदेतले पाच राउटर गेले दोन महिने एका मृत राउटरला आपला प्रमुख मानत होते, आणि त्यामुळे गावात कुणाचंही मरण नोंदलं जात नव्हतं.

जन्मांची अडचण नव्हती. जन्माच्या दाखल्यावर जन्म-मृत्यू विभागाचे नाडगौडा स्वतःच सही करत. मरणाला मात्र वरच्या मजल्यावरच्या मुख्याधिकाऱ्यांची सही लागे. नाडगौडा संगणकावरून फॉर्म वर पाठवत. तो पाणीपट्टीत जाई, तिथून बांधकामात, आणि बांधकामातून पुन्हा नाडगौडांकडे. आला की त्यावर त्या दिवसाचा आवक शिक्का पडे आणि तो नव्यानं निघे.

"म्हणजे तुमच्या हिशेबानं आमचे अण्णा आज गेले," खिडकीशी उभा असलेला चौगुले म्हणाला. तो आठवड्यातून दोनदा येई.

"कागदोपत्री आज. उद्या आलात तर उद्या."

"मग आम्ही तेरावं घातलं ते कुणाचं?"

"ते मी कसं सांगू? जेवणाची नोंद आमच्याकडे नसते."

चौगुले बाकावर जाऊन बसला. आईला दाखला दाखवल्याशिवाय आज घरी जायचं नाही, असं तो शिपाई मारुती लोंढेला म्हणाला. आई अजून अण्णांना धरून तिघांचा स्वयंपाक करत होती. दाखला आला नाही म्हणजे काहीतरी चुकलं असेल, असं तिचं म्हणणं होतं.

फिरणाऱ्या फॉर्मांमध्ये एक फॉर्म शैलजा नाडगौडांचा होता. त्या पाणीपट्टी विभागात बावीस वर्षं होत्या आणि जन्म-मृत्यू विभागातल्या नाडगौडांच्या पत्नी होत्या. मरण एकवीस दिवसांत नोंदवावं लागतं. नाडगौडांनी विसाव्या दिवशी फॉर्म भरला होता. तेव्हापासून तो रोज परत येत होता, रोज त्यावर ताजी तारीख पडत होती, आणि मुदत रोज पूर्ण एकवीस दिवसांची शिल्लक राहत होती. नियमात यात काही चूक नव्हती. नाडगौडांनी दोनदा तपासून पाहिलं होतं.

तंत्रज्ञ म्हणून जिल्ह्याहून रेहाना मुजावर आल्या, त्या दिवशी अकरा जून होता. त्यांनी लॅपटॉप नाडगौडांच्या टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं.

"हे राउटर पूर्वी आपापल्या खोलीचा कारभार बघायचे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी त्यांना नुसते पूल केले. आता इकडचं तिकडे देणं एवढंच त्यांचं काम. पण पुलांमध्ये एक प्रमुख लागतो. सगळ्यांत लहान नंबराचा. दोन खोल्यांमध्ये एकच रस्ता चालू ठेवायचा, बाकीचे बंद, हे त्याच्यावरून ठरतं. नाहीतर कागद गोल फिरत राहतात."

"तसेच फिरतायत," नाडगौडा म्हणाले.

"प्रमुख दर दोन सेकंदांनी सांगतो, मी आहे. बाकीचे ते पुढे सांगतात. वीस सेकंद काही ऐकू आलं नाही तर नवी निवड." मग त्या नाडगौडांच्या टेबलावरच्या चौदा नंबरकडे वळल्या. "तुमचा प्रमुख कोण?"

"अकरा नंबर," चौदा म्हणाला. राउटर हळू बोलत, जुन्या कारकुनांसारखे.

"तुम्ही स्वतः ऐकलंत त्याच्याकडून?"

"नाही. बांधकामवाल्या सत्तावीस नंबरनं सांगितलं."

सत्तावीसला वीस नंबरनं सांगितलं होतं. वीस पाणीपट्टीत होता. त्याला चौदानं सांगितलं होतं.

"अकरा नंबर कुठंय?" रेहानाबाईंनी विचारलं.

"भंगारात," मारुती म्हणाला. "शैलजाबाईंच्या टेबलावर होता. बाई गेल्या, दुसऱ्या दिवशी टेबल हलवलं, तवा मीच वायर काढली. ह्यांना हजारदा सांगितलं, गेला म्हणून. ऐकत्यात कुठं?"

"शिपायाकडून तोंडी आलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही," वीस नंबर म्हणाला.

"बघा. इतकी वर्षं पाणीपट्टीतल्या खोतबाईंच्या पलीकडं बसलेला राउटर हाय हा. दुसरं काय बोलणार?"

रेहानाबाईंनी पडद्यावर बातम्यांची नोंद उघडली. बातमी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तिचं वय एकानं वाढवायचं, आणि वीस झालं की ती टाकून द्यायची, असा नियम होता. इथं चौदा नंबरनं दर फेरीला वयाच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं.

"हे शून्य का?"

"आवक शिक्का मारतो," चौदा म्हणाला. "मोजणी आवक तारखेपासून."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं नाही. या टेबलावर तसंच करतात."

रेहानाबाईंनी नाडगौडांकडे पाहिलं नाही. लॅपटॉपची वायर सरळ करत त्या म्हणाल्या, "सवय काढून टाकता येईल. पण मग फिरणाऱ्या सगळ्या फॉर्मांवर मूळ तारीख येईल. मुदत संपलेले लगेच दिसतील."

"आजच करायला हवं?"

"सोमवारी आले तरी चालेल मला. बाकावर बसलेत त्यांना तेवढं तुम्ही सांगा."

नाडगौडांनी बाकाकडे पाहिलं. चौगुलेनं डबा उघडला होता आणि तो जेवत नव्हता.

"करा," ते म्हणाले.

रेहानाबाईंनी पाचही राउटरना सूचना दिली: वीस सेकंद कुणीही ऐकीव काही सांगायचं नाही, आपल्याला प्रत्यक्ष जेवढं माहीत आहे तेवढंच. राउटर गप्प झाले. मग मारुती गप्प झाला. पाणीपट्टीतल्या खोतबाईंनी हातातली पावती खाली ठेवली. विसाव्या सेकंदाला अकरा नंबरचं वय पूर्ण झालं आणि पाचही जण एकदम म्हणाले, "मीच प्रमुख." नंबर पाहून चार जणांनी माघार घेतली. चौदा निवडून आला. प्रचार झाला नाही.

चौगुल्यांच्या अण्णांचा फॉर्म एक्केचाळीस दिवसांचा निघाला. विलंबाच्या रकान्यात नाडगौडांनी 'कार्यालयाची चूक' असं लिहिलं. फॉर्म सरळ वर गेला आणि सही होऊन उतरला. चौगुलेनं दाखला घडी न घालता डब्यावर आडवा धरला.

"चला," तो म्हणाला. "आता एकाचाच भात टाकायला सांगतो तिला." आणि दाराशी वळून, "म्हणजे दोघांचा. मी पण जेवतो की."

शैलजाबाईंच्या फॉर्मवर मरणाला त्रेसष्ट दिवस झाले होते. त्यावर 'कार्यालयाची चूक' लिहिता येत नव्हतं, कारण या बाबतीत कार्यालय म्हणजे नाडगौडाच होते. त्यांनी चष्मा पुसला. मग रकान्यात लिहिलं: 'मृत व्यक्ती हयात असल्याचे शेजारच्या टेबलाकडून कळत होते.'

"ही माहिती प्रत्यक्ष की ऐकीव?" चौदानं विचारलं. प्रमुख म्हणून त्याला आता विचारणं भागच होतं.

"ऐकीव."

"प्रत्यक्ष काय माहीत आहे?"

रेहानाबाई बॅग भरत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"मी तिथे होतो," नाडगौडा म्हणाले. "हात माझ्या हातात होता."

"तारीख?"

"नऊ एप्रिल. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं."

चौदानं ती तारीख लिहून घेतली. शिक्का मारला नाही. फॉर्म पाणीपट्टीत गेला नाही, बांधकामातही गेला नाही. तो जिन्यानं वर गेला.

रीतीप्रमाणे नाडगौडांनी सुटायच्या वेळेपर्यंत वाट पाहिली. बांधकामातून फॉर्म परत आला नाही.