तीनशे बारा वॉर्निंग

अकराला दूध संघाचे चेअरमन तानुई येणार होते आणि साडेनऊ वाजले तरी कोरीरच्या कम्पायलरची, म्हणजे प्रोग्रॅम तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरची, कुरकुर थांबत नव्हती. एल्डोरेटच्या दूध संघासाठी कार्ड लावलं की दूध देणारं नवं मशीन बनवलं होतं, त्याचा प्रोग्रॅम कोरीरचा. मशीन चाललं की त्याच्या बॉस जेप्तू मॅडम त्याच्या कायम नोकरीच्या पत्रावर सही करणार होत्या. सकाळपासून तो खुर्चीवर धड बसत नव्हता.

कम्पायलरची तक्रार साधी होती. ग्राहक शोधणारं फंक्शन कुणी जाहीर केलेलं नाही, म्हणून ते आकडा देतं असं मी धरतो; मग तो आकडा पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवायच्या जागी, का कोंबतोस? फंक्शन जाहीर करणारी एक ओळ लिहिली की भागलं असतं. पण घाईत कुठलं आलंय शहाणपण! कोरीरने आकड्याला दटावून पत्ता म्हणवून घेतलं. पत्त्याबद्दलची वॉर्निंग गप्प झाली, फंक्शन जाहीर नसल्याच्या वॉर्निंगकडे त्याने काणाडोळा केला. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर तपासलं, तर सगळं झकास चाललं.

चेअरमननी नव्या मशीनला कार्ड लावलं आणि पडदा काळा झाला. जुन्या मशीनवर पत्ता आकड्यात मावत होता. नव्यावर पत्ता दुप्पट लांब, त्यामुळे अर्धा छाटला गेला. चेअरमन रिकामा कप धरून उभे राहिले आणि माझी गायसुद्धा एवढा वेळ लावत नाही, म्हणाले. मॅडमनी ती एक ओळ लिहिली आणि दूध आलं.

चेअरमन गेल्यावर मॅडमनी त्याला केबिनमध्ये घेतलं.

"वॉर्निंग दिसली होती ना तुला?"

"दिसली होती, मॅडम. म्हटलं, चालतंय ना."

"आता अख्ख्या प्रोजेक्टच्या बंद ठेवलेल्या वॉर्निंगही चालू कर. एक जरी उरली, तरी सही विसर."

कोरीरने चालू केल्या. स्वतःच्या तासाभरात निस्तरल्या, तरी तीनशे बारा उरल्या, सगळ्या एकाच जुन्या फाइलमधल्या. फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव होतं: जेप्तू. दोन कप चहा झाला, कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या झाल्या. शेवटी लॅपटॉप उचलून तो केबिनमध्ये गेला.

"मॅडम, माझ्या सगळ्या गेल्या. उरल्यात त्या... बघा तुम्हीच."

मॅडमनी चष्मा लावला, पहिली दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. मग ड्रॉवरमधून पत्र काढून सही केली.

"अभिनंदन, कोरीर. कायम झालास. आजपासून ही फाइल तुझी."