घोड्यासह मुक्कामास योग्य जागा

नाहूरच्या अश्वराज हाइट्स गृहनिर्माण संस्थेच्या सांस्कृतिक समितीने सभासदांच्या मुलांसाठी यंदाच्या मे महिन्यात घोड्यासह निवासी शिबिर भरवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. एकमताने म्हणजे अध्यक्ष बोलले आणि बाकीचे मोबाइल बघत होते. मौन ही संमती समजावी असा संस्थेचा जुना प्रघात आहे, आणि एरवीही तिथे दुसऱ्या पद्धतीने काही मंजूर झाल्याचं कोणाला आठवत नाही.

अध्यक्ष देवेश राऊळ हा एका मोठ्या कंपनीत माणसांना कामावरून गोड बोलून कमी करण्याच्या खात्यात होता. पाडव्याच्या शोभायात्रेत तो दरवर्षी फेटा बांधून बुलेटवर बसतो. यंदा मात्र मुलुंडच्या एका टॉवरने यात्रेत खरी बैलगाडी उतरवली आणि सगळे फोटो त्या बैलांनी खाल्ले. तेव्हापासून देवेशला झोप नव्हती.

"आपल्या पूर्वजांनी घोड्यावर बसून मुलूख मारला," तो सभेत म्हणाला, "आणि आपली पोरं घोडा बघतात कुठे? गेटवर! फायबरचा! दोन रात्री तंबूत, घोड्याच्या शेजारी. मुलांना इतिहास समजला पाहिजे यार."

गेटवरचा तो घोडा पांढराशुभ्र होता. एका चौथऱ्यावर मागच्या दोन पायांवर तो उभा असे आणि संध्याकाळी त्याच्या पोटाखालून जांभळा दिवा लागे. फ्लॅटच्या जाहिरातीत आधी तो दिसायचा, मग जलतरण तलाव.

खरी घोडी इमारतीच्या मागे होती. तिचं नाव पाकळी, तीही पांढरीच. मालक लवू धुरी, जुन्या चाळीतला भाडेकरू, आता पुनर्वसनाच्या विंगमध्ये राहणारा. लवूच्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर लग्नाच्या वरातींसाठी घोडी घेतली आणि लवूने तोच धंदा चालवला. पाकळी चाळीच्या दारातच उभी असायची. प्लॉट बघायला आलेल्या बिल्डरने तिला पाहिलं आणि तिथल्या तिथे टॉवरचं नाव ठरवून टाकलं. नाव मिळालं, पुतळा बसला, ब्रोशर छापलं. फक्त पाकळीला कुठे उभं करायचं हे करारात लिहायचं राहून गेलं.

तिला पाहुण्यांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात बांधलं जाई. तिथून हलवण्याची नोटीस लवूला आलीच होती. नोटिशीत म्हटलं होतं, 'सदर जिवंत घोडीच्या वासामुळे संस्थेच्या अश्वविषयक प्रतिमेस बाधा येत आहे. महिनाअखेर जागा मोकळी करावी.' लवूने कांदिवलीपर्यंत तबेले शोधले. जिथे तबेले होते तिथे आता बँक्वेट हॉल होते, आणि त्यांतल्या वरातींसाठी त्यालाच बोलावत. जागा मिळाली नाही तर पाकळीला चौपाटीवर फेऱ्या मारणाऱ्या एखाद्याला विकावी लागणार होती. तिकडे घोड्यांचे हाल कसे होतात हे लवूला ठाऊक होतं, म्हणून तो हल्ली नीट जेवत नव्हता.

अशा वेळी देवेश स्वतः पुनर्वसनाच्या विंगमध्ये आला, पहिल्यांदाच.

"लवूकाका, शिबिराला पाकळी द्या. शिबिर झकास झालं ना, तर तिला इथेच कायमची जागा. माझा शब्द."

लवूने त्याचे हात धरले. मालनने, म्हणजे लवूच्या बायकोने, त्याला चहासुद्धा दिला.

आता फक्त घोड्यासह मुक्कामाला योग्य जागा शोधायची होती. त्यासाठी उपसमिती नेमली गेली. देवेश, सचिव श्रुतिका आणि निमंत्रित म्हणून लवू. श्रुतिका ही अतिशय हुशार बाई होती. कुठल्याही अडचणीवर तिच्याकडे एक्सेल शीट असे.

पहिली जागा कांदिवलीच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी होती. वेबसाइटवर 'निसर्गाच्या कुशीत' आणि 'पाळीव प्राण्यांचे स्वागत' असं लिहिलेलं. वातानुकूलित तंबू, तलाव, तंबूगणिक वायफाय. मॅनेजर सुयोग टॅब घेऊन पुढे आला.

"पेट कोणता?"

"घोडी," लवू म्हणाला.

"ब्रीड?"

"काठेवाडी. बापाचं नक्की सांगता येणार नाय."

"वजन?"

"असेल साडेतीनशे किलो."

"म्हणजे लार्ज. दहा किलोच्या वर आमच्याकडे लार्ज." सुयोगने टॅबवर काहीतरी दाबलं. "टेंटमध्ये बेडवर झोपते की खाली?"

"उभ्यानं झोपते."

"गुड. मग एक्स्ट्रा बेड नको. पण डायपर कंपल्सरी आहे सर. आणि लॉनवर चरायचं नाही."

लवूने वाकून लॉनला हात लावला. "हे तर प्लास्टिकचं आहे."

"म्हणूनच. खाल्लं तर पुन्हा उगवत नाही ना."

निसर्गाच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. श्रुतिकाने परतताना गाडीत डायपरची चौकशी सुरू केली. सर्वांत मोठं माप नव्वद किलोच्या कुत्र्याचं निघालं. चार डायपर जोडून बघण्याची सूचना तिने केली, पण ते पाकळीला घालणार कोण यावर उपसमितीत दुमत झालं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

मग देवेशला कळलं की घाटकोपरच्या बाजूला एक भूखंड चक्क अश्वारोहणाच्या मैदानासाठी राखीव आहे. तिथे जाऊन पाहिलं तर तशी पाटीही होती, 'अश्वारोहण मैदान', आणि तिच्याखाली दुसरी, 'आत जनावरे आणण्यास सक्त मनाई'. आत गाड्या उभ्या होत्या. संबंधित कचेरीतले साहेब फार सभ्य होते. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं.

"घोडा सरकारी आहे का?"

"नाही साहेब, लग्नातला."

"खाजगी घोड्याला सार्वजनिक आरक्षणात शिरता येत नाही."

"मग त्या गाड्या?" देवेशने विचारलं.

"त्या तात्पुरत्या आहेत."

"कधीपासून?"

"मी इथे आलो तेव्हाही तात्पुरत्याच होत्या." साहेबांनी चष्मा पुसला. "तुम्ही समजून घ्या. तिथे एक जरी घोडा आला, तर आरक्षणाचा वापर सुरू झाला असा अर्थ निघतो. वापर सुरू झाला की देखभाल आली. देखभालीची तरतूद नाही. गेली इतकी वर्षं ते मैदान घोड्यांसाठी सुरक्षित राहिलं, कारण तिथे आम्ही एकही घोडा फिरकू दिला नाही. हां, घोड्याशिवाय शिबिर घेणार असाल तर लगेच परवानगी देतो."

देवेश प्रभावित होऊन बाहेर पडला. अशी माणसं आपल्या कंपनीत हवीत, असं तो श्रुतिकाला म्हणाला.

तिसरी जागा लवूने सुचवली. कांजूरमार्गच्या पुढे खाडीलगत सोनूबाई कोळीण राहायची. तिच्या मुलाच्या वरातीला पाकळीच होती, आणि तेव्हापासून ओळख. घरामागे मासळी सुकवायची मोकळी जागा, तिच्या पलीकडे गवताचा मोठा तुकडा. चाचणी म्हणून लवू पाकळीला सोबत घेऊन गेला.

"बांध रं इथं," सोनूबाई म्हणाली. "गवत हाय, नलाला पानी हाय. आनखी काय पायजे घोरीला?"

"इथे रेंज येते का?" देवेशने नाकावरचा रुमाल न काढता विचारलं.

"वारा येतंय."

लवूने दोर सोडला. पाकळी थोडी बावरली, मग गवतात शिरली, गुडघे टेकून आडवी झाली आणि पाठीवर लोळायला लागली. चारही पाय आकाशाकडे करून ती फुरफुरत होती. इतक्या वर्षांत लवूने तिला लोळताना पाहिलं नव्हतं, काँक्रीटवर लोळणार कशी? त्याने सोनूबाईला विचारलं, इथे कायमची ठेवता येईल का.

"उन्हाल्यात ठेव, नाय कोन बोलत? पावसालाभर नाय जमाचं. उधानाचं पानी माझे चुलीपरत येतंय."

शिबिरापुरती तरी जागा पक्की झाली असं लवू समजून चालला. पण श्रुतिकाने पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि प्रश्न आले. सुक्या बोंबलांचा वास मुलांच्या कपड्यांना लागेल का? वारा फिरला तर कांजूरच्या कचऱ्याचा वास येतो म्हणतात, ते खरं का? जलतरण तलाव कुठल्या बाजूला आहे? एका वडिलांनी तर घोडी लोळताना पाहून तिला काही आजार आहे का, अशी शंका काढली. इतिवृत्तात नोंद झाली की, 'सदर जागा घोड्यास सर्वतोपरी योग्य असल्याने शिबिरास अयोग्य आहे.'

पालकांनी आगाऊ पैसे भरले होते, तारीख जवळ आली होती, देवेशची वाट लागायची वेळ होती. अशा वेळी श्रुतिकाने शीट उघडलं आणि शांतपणे म्हणाली, "कांदिवलीच्या जागेत एकच अडचण आहे. घोडी. ती काढली की जागा घोड्यासाठी एकदम परफेक्ट आहे."

"पण घोडा हवाच ना गं?"

"आहे ना. गेटवर."

सभेत काही वेळ कोणीच बोललं नाही, आणि मौनाची नोंद प्रथेप्रमाणे झाली. सुयोगला फोन केला. वजन दोन माणसं उचलतील इतकं. चरत नाही. डायपर नको. लस नको. "असेच पेट आम्हाला हवे असतात मॅडम," तो म्हणाला, आणि त्याने भाड्यात सवलत दिली.

राहिला चौथरा. त्याच शनिवार-रविवारी वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी गिऱ्हाइकं येणार होती, आणि अश्वराजच्या गेटवर अश्व नसणं संस्थेला परवडणारं नव्हतं. देवेश दुसऱ्यांदा पुनर्वसनाच्या विंगमध्ये आला.

"काका, दोनच दिवस. पाकळीने चौथऱ्यावर उभं राहायचं. हलायचं नाही बस. कायमच्या जागेचं त्यातच बघून टाकू."

तो जाईपर्यंत मालनने कसाबसा दम धरला.

"जित्या घोडयेक पुतळो करूक निघालात? उद्या माका तुळशीवृंदावन करून उभी करशात!"

"गो मालन, वरातीत ती दोन-दोन तास उभी ऱ्हवता. पुढ्यात नागीण डान्स, डोक्यार फटाके, तरी हलाक नाय. हयसर तर बँडपण नाय."

हे खरं होतं. गडबडीत स्वस्थ उभं राहणं हाच पाकळीचा धंदा. शनिवारी फायबरचा घोडा टेम्पोत आडवा होऊन कांदिवलीला गेला आणि पाकळी चौथऱ्यावर चढली. पोटाखाली जांभळा दिवा लागला. तिने कान पाडले आणि समोरच्या रिक्षास्टँडकडे बघत उभी राहिली. गिऱ्हाइकांनी तिच्यासोबत सेल्फी काढले. घोडा दोन पायांवरून चार पायांवर आल्याचं फक्त एका आजोबांच्या लक्षात आलं. वयोमानाने होतं असं, म्हणाले, आणि काठी टेकत पुढे गेले.

शिबिर यशस्वी झालं. मुलांनी रात्र वातानुकूलित तंबूत गेम खेळत काढली. निरोपाच्या फोटोसाठी देवेश फेटा बांधून, तलवार उपसून घोड्यावर बसला, तेव्हा घोड्याचा मागचा पाय मांडीतून मोडला. कारखान्यात चौकशी केली तर गणपतीची कामं चालू, त्यानंतरच बघू म्हणाले. त्यामुळे पाकळीचे दोन दिवस लांबले.

मग बी विंगमधून तक्रार आली. 'गेटवरच्या पुतळ्याला मागच्या बाजूने गळती होत आहे. निकृष्ट काम. बिल्डरला जाब विचारावा.' गळती म्हटल्यावर सगळी संस्था एक झाली. वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार आला. त्याने पाकळीच्या पुठ्ठ्यावर बोटाने टकटक केली, कान लावला, शेपटी उचलून पाहिली.

"मटेरियल सॉलिड आहे," तो म्हणाला. "आतली लाइन कुठेतरी लीक आहे. वरून कोटिंग मारून घेऊ."

लवू चौथऱ्याखाली हात जोडून उभा राहिला. "साहेब, कोटिंग नको. मी पुसत जाईन. रोज पुसत जाईन."

देवेशने विचार केला. कोटिंगचा खर्च वाचत होता, पुतळ्याची देखभाल फुकट होत होती, आणि आपण शब्द पाळतो हेही दिसत होतं. पुढच्या सभेत पाकळीला कायमस्वरूपी जागा मंजूर झाली. अटी साध्या होत्या. दिवसा खाऊ नये, शेपटी हलवू नये, फोटो काढणाऱ्याकडे बघू नये. मंजुरीचा कागद लवूने देव्हाऱ्यात ठेवला. मालनने तो पाहिला आणि त्या दिवशी देवाला दिवा लावला नाही.

अधूनमधून लवू पुतळा पॉलिशला नेतो असं वॉचमनला सांगून पाकळीला सोनूबाईकडे घेऊन जातो. तिथे ती लोळते. हलकं गवत अंगाला चिकटलेलं असतं, ते तो परत येताना एकेक करून काढतो. कोणी विचारलं तर म्हणतो, घोडीला जागा मिळाली. मिळालीही आहे, चाळ होती तेव्हा ती ज्या दारात उभी असायची, जवळजवळ तिथेच. फक्त आता तिथे तिला जिवंत असायला मनाई आहे.

हसून झालं असेल तर खाली उतरा आणि आपल्या इमारतीच्या गेटवरचं नाव एकदा वाचा. आमराई असेल, मयूरवन असेल, नाहीतर कुठलंतरी सरोवर. ज्यावरून ते ठेवलं, ते सध्या कुठे मुक्कामाला आहे, याची वॉचमनकडे चौकशी करा. गेटवर पुतळा असेल तर त्याला हात लावून बघा. आणि गरम लागला, तर कृपया समितीला कळवू नका.