अस्वलाने बिअरचे पाइप काढले

एका जंगलात आकडा टाकून लाइट आणलेली होती. आता बारक्यांनो, जंगलात तारा कुठून आल्या, असं विचारू नका. गोष्ट आहे, गप ऐका.

त्या जंगलात झिपरू नावाचं एक अस्वल होतं. ते बिअर बनवायचं. बिअर म्हणजे मोठ्यांचं कडू सरबत. ते प्यायल्यावर मोठी माणसं एकच गोष्ट चारदा सांगतात.

झिपरूकडे भारी सेटिंग होतं. तीन ड्रम. एकात पाणी तापायचं. दुसऱ्यात मोड आणून वाळवलेले सातू भिजायचे. तिसऱ्यात तो रस कडू फुलं टाकून उकळायचा. मधे दोन पंप, ढीगभर पाइप, आणि लाल-हिरव्या दिव्यांचा एक डबा. दिवे लागले की बघणारे आपोआप हळू बोलायचे.

त्या जंगलात एक पद्धत होती. उन्हाळाभर सगळ्यांनी मिळून पाणवठ्यातला गाळ काढायचा. हत्ती असो नाहीतर ससा, कुणाला सुट्टी नाही. सुट्टी फक्त झिपरूला. गाळाचं काम गवाबापू बघायचे. त्यांचं म्हणणं, एवढं अवघड मशीन सोडून तो बिचारा येणार कसा?

झिपरूला हेच पाहिजे होतं. त्याला गाळाची लय भीती. त्याच्या केसांत चिखल वाळला की केस उपटूनच निघायचा.

पण पाइप धुणं म्हणजे वैताग. आत गोड रस चिकटायचा, त्याला मुंग्या लागायच्या. आणि मुंग्या दिसल्या की अस्वलाला कुठे राहवतंय? झिपरू पाइपला तोंड लावून ओढायचा. एकदा त्याची जीभ पंपात अडकली. सोडवता सोडवता दुपार गेली. माकडं पोरंबाळं घेऊन बघायला आली.

झिपरू चिडला. त्याने पंप काढले, पाइप काढले, डबा काढला, दोन ड्रम काढले. सगळं झाडीत फेकून दिलं. एक ड्रम ठेवला आणि एक हीटर. सातू कापडाच्या पिशवीत बांधून ड्रममध्ये सोडायचे. भिजले की पिशवी बाहेर. रस तिथेच उकळायचा, ड्रम ओढ्यात ठेवून गार करायचा, यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं, झोपायचं.

बिअर पहिल्यासारखीच झाली. खरं तर जरा जास्तच चांगली झाली.

आता शहाण्याने गप बसावं की नाही? झिपरू जो येईल त्याला दाखवत सुटला. बघ किती सोपं केलंय, ससासुद्धा करेल, असं वर सांगायचा.

गवाबापूंच्या कानावर गेलं. ते आले तेव्हा झिपरू ड्रमला टेकून पंजा चाटत बसला होता.

"काय करतोयस रे?"

"बिअर बनवतोय, बापू."

"तू तर बसलायस."

"ती आता आपली आपण होते."

"मग ऊठ," बापू म्हणाले, "खोरं घे."

झिपरूने खूप सांगून बघितलं. डोकं लागतं, नजर ठेवावी लागते, असं बरंच काय काय. बापूंनी ड्रमकडे नीट पाहिलं. एकही दिवा नव्हता. झिपरू चिखलात उतरला.

तिकडे झाडीतलं सामान खंडू कोल्ह्याने उचलून घरी नेलं. झिपरूने दाखवली होती तशीच एका ड्रमात बिअर लावली. मग उरलेला ड्रम, पंप, पाइप तिच्याभोवती मांडले. डबा चालू केला. बापू बघायला आले आणि दारातच हळू बोलायला लागले. खंडूला सुट्टी मिळाली.

एका संध्याकाळी सगळे पानांचे द्रोण घेऊन खंडूच्या दारात रांगेत उभे होते. झिपरूही होता. पाठीवरचे निम्मे केस गेलेले. त्याने पाइप नीट बघितले. एक टोक हवेत, दुसरंही हवेत. त्याने पुढे उभ्या असलेल्या बापूंना हलकेच ढोसलं.

"बापू, ते पाइप कशालाच जोडलेले नाहीत."

"हळू बोल, मशीन चालू आहे," बापू कुजबुजले. "आणि तुला रे काय कळतं त्यातलं? तू गाळात असतोस."

तात्पर्य : काम खुशाल सोपं करा, पण दिवे लुकलुकत ठेवा. ज्याचं काम बघणाऱ्याला कळतं, त्याच्याच हातात खोरं येतं.